हाताच्या सावलीतल्या कुप्या

"ही ओळ तुम्हीच खोडली ना?"

चौकशी समितीचे अध्यक्ष डॉ. सरनोबत यांनी नोंदवही फिरवून दिनकर गुरवांपुढे सरकवली. खंडेनवमीच्या पानावर सकाळी साडेआठची नोंद होती : 'रात्री नऊ तास वीज नव्हती. सर्पविषावरच्या चाळीसही कुप्या बाद. परत पाठवणे.' त्या ओळीवरून निळ्या शाईची रेघ गेली होती, तीही फूटपट्टी धरून मारलेली. खाली दुपारी एकची नोंद होती : 'एकोणतीस योग्य, अकरा बाद.'

"हो साहेब, मीच."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

गुरव आंबेघोलच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षं औषधं सांभाळत होते. निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांनी मान वर केली, समितीतल्या तज्ज्ञ सदस्य डॉ. उल्का पानवलकर यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"कुणाच्या नाही. माझ्याच मनानं."

उल्काने समोरचा ग्लास उचलला. ती ओळ खोडायला गुरवांना तिनेच सांगितलं होतं, आणि खोलीत हे ठाऊक असलेली माणसं दोनच होती.

भिंतीवर आरोग्य खात्याचं भित्तिपत्रक लावलेलं होतं. त्यावर उल्काचाच हसरा फोटो आणि खाली तिचंच वाक्य : 'साक्षीपट्टी खोटं बोलत नाही.' अशी वाक्यं माणसाने भाषणात म्हणावीत आणि विसरून जावीत. सरकारने ते छापून गावोगाव चिकटवलं होतं.

साक्षीपट्टी ही बोटाएवढी लांब, पारदर्शक पट्टी. औषधाच्या प्रत्येक कुपीच्या खोक्यावर ती चिकटवलेली असायची. औषध कारखान्यातून निघाल्यापासून रोग्याच्या शिरेत जाईपर्यंत थंड राहिलं की नाही, एवढंच ती सांगायची. पण तेवढ्यावरच माणसं जगत होती आणि मरत होती. सापाच्या विषावरचं नवं औषध जुन्यापेक्षा दसपट गुणी होतं आणि तितकंच नाजूक. आठ अंशांच्या वर चार तास राहिलं की त्याचं पाणी. कुपीकडे पाहून मात्र काही कळायचं नाही. पाणीही तसंच दिसतं.

पट्टीतलं मर्म एका रेणूत होतं. त्यात लोखंडाचा आणि कोबाल्टचा अणू शेजारी शेजारी असतात आणि मधे एक छोटा पूल असतो. एरवी दोघांकडचे इलेक्ट्रॉन जोडीजोडीने बसलेले. जोडीतले दोघे एकमेकांचं चुंबकत्व खाऊन टाकतात, त्यामुळे रेणू चुंबकाच्या हिशेबी मुका. त्यावर लाल प्रकाश पाडला की लोखंडाकडचा एक इलेक्ट्रॉन पूल ओलांडून कोबाल्टकडे जातो, जोड्या मोडतात, सुटे इलेक्ट्रॉन उरतात आणि रेणू चुंबकासारखा वागायला लागतो. शिवाय थोडा फुगतोही. पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार चौकटीत अडकून बसतं, तसा तो थंडीत त्याच अवस्थेत अडकून राहतो. ऊब मिळाली की दार सुटतं, इलेक्ट्रॉन आपल्या घरी परततो आणि चुंबकत्व जातं.

ही गंमत शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होती, पण ती चालायची शून्याखाली दोनशे-अडीचशे अंशांवर. तिथे ना माणूस राहतो ना औषध. उल्काने बावीस वर्षं खपून तो रेणू असा घडवला की दार बरोबर आठ अंशांना सुटावं. कारखान्यात थंड पट्टीवर लाल प्रकाशाची 'लेखणी' फिरवायची, म्हणजे पट्टी चुंबकीय होते. मग वाटेत ती कुठेही तापली तर चुंबकत्व उडतं, आणि पुन्हा थंड केली तरी आपोआप परत येत नाही. पट्टीला लावून चुंबकत्व मोजणारं एक यंत्र प्रत्येक केंद्राला दिलं होतं. त्याला सगळे चिमटा म्हणत. चिमटा 'योग्य' म्हणायचा, नाहीतर 'बाद'. डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून रंग फासून कुणाला फसवता येत नाही, याचा उल्काला मोठा अभिमान होता.

आणि उजेडाचं काय? तोही विचार तिने केला होता. निळा प्रकाश काही मिनिटं पडत राहिला की इलेक्ट्रॉन माघारी येतो. लाल आणि निळा एकत्र पडले की निळा जिंकतो. सूर्य, ट्यूब, मोबाइलची बॅटरी, गाडीचा दिवा, असे सतरा तऱ्हांचे उजेड तिने पट्टीवर पाडून पाहिले. सगळ्यांत निळा होता. म्हणजे उजेडाने चूक झालीच तर चांगली पट्टी 'बाद' होईल, पण बाद पट्टी 'योग्य' कधीच होणार नाही. हे वाक्य तिने दोन परिषदांत टाळ्या घेत म्हटलं होतं.

तरी आंबेघोलात बाद पट्ट्या योग्य झाल्या होत्या. खंडेनवमीनंतर अकराव्या दिवशी भात कापताना प्राजक्ता सुतारच्या घोट्याला घोणस चावली. वय एकतीस. नवऱ्याने, रणजितने, तिला मोटारसायकलवर मधे बसवून पंचवीस मिनिटांत केंद्रात आणलं. डॉक्टरांनी जराही वेळ न घालवता औषध दिलं. सहा कुप्या, सहाही 'योग्य'. बाहेर रुग्णवाहिका उभी होती आणि कोल्हापूर दोन तासांवर होतं. पण औषध इथेच असताना पेशंटला हलवायचं कशाला? चार तासांनी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा धावपळ झाली. ती वाटेतच गेली. नंतर तपासलं तर सहाही कुप्यांतलं औषध मेलेलं होतं.

डॉ. सरनोबतांचा निष्कर्ष सरळ होता. जिल्ह्याच्या भांडारात तपासणीसाठी ठेवलेली एक लेखणी मागेच गहाळ झाली होती. औषध वाया घालवल्याचा ठपका नको म्हणून गुरवांनी ती मिळवली, बाद पट्ट्यांवर फिरवली आणि ओळ खोडली. अकरा पट्ट्या घाईत राहून गेल्या. सदोष मनुष्यवध.

"मला खोकी पुण्याला न्यायची आहेत," उल्का म्हणाली. "वापरलेल्या कुप्यांची खोकीही फ्रीजमध्येच असतात; ती आणि राहिलेली, चाळीसच्या चाळीस, थंड पेटीतून. आठ दिवस द्या."

"घ्या की. तुमच्या सहीशिवाय अहवाल जात नाही," सरनोबत म्हणाले. "पण गुरव, तुम्ही तोवर घरी बसा."

बाहेर पायरीवर गुरव चपला घालत होते. उल्का त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"गुरवकाका, माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेऊन काय मिळणार मॅडम? तुमच्यावर आलं तर पट्टीच बंद पडंल. मग लोकांनी पुन्हा आंधळ्यागत औषधं टोचून घ्यायची का? माझं काय, आठ महिने राहिलेत." त्यांनी चपलेचा पट्टा ओढला. "पण तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारतो. त्या सकाळी मी चारचारदा चिमटा लावला होता. चाळीसच्या चाळीस बाद होत्या. मग चुकलं कोण? चिमटा का मी?"

उल्काने नुसतं "बघते" म्हटलं आणि ती गाडीत जाऊन बसली. आपण भित्र्या आहोत हे तिला बावन्नाव्या वर्षी नव्याने कळत होतं आणि त्याची तिला किळस आली होती.

खंडेनवमीला ती आंबेघोलात पाहुणी म्हणून गेली होती. साक्षीपट्टी वापरणारं ते राज्यातलं हजारावं केंद्र. सरपंचांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. त्या दिवशी आपल्याकडे सुताराची करवत पुजतात, गवंड्याची थापी पुजतात; दवाखान्याने का मागे राहावं? रुग्णवाहिकेच्या बोनेटवर हळदीकुंकू, वजनकाट्याला झेंडूचा हार, रक्तदाबाच्या यंत्राच्या फुग्यालाही कुंकवाचं बोट. औषधांच्या खोलीतल्या फ्रीजला तर पायाखाली रांगोळीसुद्धा काढली होती.

"मॅडम, एक सांगायचं होतं," गुरव तेव्हा कानाशी येऊन म्हणाले होते. "रात्री वीज नव्हती. सकाळी सगळ्या बाद आल्यात."

"आरती होऊ दे, मग बघू. आणि फ्रीजचं दार उघडा की. दार लावून कोण देवाची आरती करतं?"

"दार उघडं ठेवायचा नियम एका मिनिटाचा आहे."

"नियम माझाच आहे," ती हसून म्हणाली होती. "आणि ती ट्यूब घालवा. आमच्या घरी आरतीला विजेचे दिवे ठेवत नाहीत."

खोलीला खिडकी नव्हती. ट्यूब गेली आणि निरांजनाच्या उजेडात सगळं कसं छान दिसायला लागलं. फ्रीजच्या पंख्याचा वारा ज्योतीवर येत होता. ओवाळायला उचललं की ती विझू विझू होई, म्हणून गुरवांनी निरांजन फ्रीजसमोर स्टुलावर ठेवलं आणि घंटा हातात घेतली. गुरवांचा आवाज देवळात घडलेला. तीन आरत्या झाल्या, मंत्रपुष्पांजली झाली. मग दार लावून त्यांनी ट्यूब लावली आणि चिमटा आणला. 'योग्य.' पुढची 'योग्य.' एकोणतीस वेळा योग्य.

"सकाळी तुमच्या चिमट्याची बॅटरी उतरली असेल," उल्का म्हणाली होती. "ती ओळ खोडून टाका. पट्टी खोटं बोलत नाही."

त्यांनी फूटपट्टी आणली, ओळ नीट खोडली आणि "देवानंच वाचवलं" असं म्हणून तिच्या हातावर प्रसाद ठेवला. तो पेढा तिने गाडीत खाल्ला होता. आता नुसत्या आठवणीनेही तिच्या तोंडाला कडवट चव यायची.

पुण्याच्या प्रयोगशाळेत चार अंशांच्या थंड खोलीत ती स्वेटर घालून दोन दिवस बसली. केंद्रातला चिमटा सगळ्या पट्टीची सरासरी काढायचा. तिच्याकडचं यंत्र एका पट्टीवर दोनशे ठिकाणी मोजायचं. लेखणी फिरवली असेल तर प्रत्येक पट्टीवर हाताच्या फेऱ्यांचे पट्टे उमटले असणार, आणि ते सापडले की गुरव दोषी ठरणार. ते सापडावेत असं तिला वाटत होतं का? हो, थोडं वाटत होतं. स्वतःशी तरी खोटं कशाला बोला.

पट्टे सापडले नाहीत. एकेका पट्टीवर चुंबकत्व कुठे दाट होतं, कुठे विरळ, कुठे एकदम शून्य, आणि शून्याची कड वळणदार होती. त्यात काही ताळमेळ दिसेना. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला सुचलं की खोक्यांवर क्रमांक आहेत आणि फ्रीजमध्ये ती क्रमाने, आठ-आठच्या पाच रांगांत उभी असतात. पट्ट्यांचा दर्शनी भाग दाराकडे. तसा ठेवायचा नियमही तिचाच. तिने चाळीस पट्ट्यांचे आकडे त्याच मांडणीने पडद्यावर रचले. चुंबकत्व असेल तिथे पांढरं, नसेल तिथे काळं.

चित्र वरून खाली उमटत गेलं. आधी पांढरं, मग त्यात काळे सुळके, एक, दोन, तीन, चार. सुळके खाली एका मोठ्या काळ्या डागात मिसळले आणि डागाच्या कडेला पाचवा, आखूड आणि जाड फुटला. चौथा सुळका मधेच बाहेर वळलेला होता.

उल्का खुर्चीवरून उठली. यंत्र बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा मोजलं. तेच आलं. कुणीतरी आतून फ्रीजच्या दारावर पंजा टेकवून उभं असावं, तसा तो डाग तिच्याकडे बघत होता. मेलेल्या बाईचा हात, असं तिच्या मनात आलं. विज्ञानात बावीस वर्षं घालवलेल्या बाईला असं वाटू नये, पण वाटलं. तिने चित्र छापून घडी घातली आणि संध्याकाळ व्हायच्या आत ती घरी आली.

घरी ऐंशी वर्षांची आई आणि ती, दोघीच. स्वयंपाकघराच्या फळीवर सत्काराचा नारळ तसाच होता.

"तो फोडणार कधी?" आईने विचारलं. "आतून कुजेल गं."

"राहू दे."

"तीन आठवडे राहू दे म्हणतेयस. शाल कपाटात गेली, मग नारळानेच काय घोडं मारलंय?"

आईने देवापुढे निरांजन लावलं आणि सवयीप्रमाणे दिवाणखान्यातली ट्यूब घालवली. बाल्कनीचं दार उघडं होतं, ज्योत आडवी झाली.

"अगं, धर धर! तिन्हीसांजेला दिवा विझायला नको."

उल्काने पटकन वाकून ज्योतीआड डावा हात धरला.

"एका हाताने वारा अडतो होय? दोन्ही हात धर," आई म्हणाली.

पण उल्काला ते ऐकूच आलं नाही. समोरच्या भिंतीवर भला मोठा काळा पंजा उभा होता. चार बोटं, आखूड जाड अंगठा, आणि करंगळी मधेच बाहेर वळलेली. लहानपणी झोपाळ्यावरून पडून मोडलेली करंगळी.

तिने घडी उलगडून कागद भिंतीवरच्या सावलीशेजारी धरला.

सगळं एकामागून एक तिच्या ध्यानात येत गेलं. तुपाच्या ज्योतीत तांबडा-पिवळाच उजेड असतो, निळा जवळजवळ नसतोच. खोलीला खिडकी नव्हती आणि ट्यूब तिनेच घालवायला लावली होती. रात्री तापून बाद झालेल्या पट्ट्या दुपारपर्यंत पुन्हा थंड झाल्या होत्या, म्हणजे लिहून घ्यायला तयार. तीन आरत्या आणि मंत्रपुष्पांजली एवढा वेळ निरांजन त्यांच्यासमोर स्टुलावर स्थिर जळत होतं आणि त्यांना पुन्हा चुंबक करत होतं. फक्त आरतीभर वारा अडवायला तिने जिथे डावा हात धरला होता, तिथे उजेड पोचला नाही. सतरा तऱ्हांचे उजेड तपासले, आणि रोज संध्याकाळी घरात जळणारा अठरावा राहून गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"काय गं, काय झालं? पांढरी पडलीस ती!"

"आई," उल्का म्हणाली, "त्या फ्रीजमधल्या ज्या कुप्या माझ्या हाताच्या सावलीत होत्या ना, तेवढ्याच खरं बोलत होत्या."

आईला काही कळलं नाही. तिने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि उल्का लहान मुलीसारखी रडली.

रडून झाल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं ते वेगळ्याच विचाराने. पूजा काय एकट्या आंबेघोलात झाली होती? हजार केंद्रं. जिथे फ्रीज आहे तिथे हार आहे, आणि जिथे हार आहे तिथे निरांजन. त्यातल्या किती ठिकाणी आदल्या रात्री वीज गेली असेल? आत्ता या घटकेला किती कुप्या खोट्या 'योग्य' होऊन बसल्या असतील?

दोन वाटा तिला स्पष्ट दिसत होत्या. 'तांत्रिक कारणास्तव सर्व पट्ट्या पुन्हा तपासाव्यात' असं एक गुळमुळीत पत्रक काढता आलं असतं. पट्टी वाचली असती, तीही वाचली असती, आणि गुरव मुकाट्याने तुरुंगात गेले असते. तिने फोन उचलला.

"सरनोबत साहेब, लेखणी कुणी चोरून वापरली नाही. निरांजन होतं."

"काय होतं?"

तिने सगळं सांगितलं. दार कुणी उघडायला लावलं, ट्यूब कुणी घालवायला लावली, हात कुणाचा.

"मॅडम, हे तुम्ही मला नाही सांगितलं तरी कुणाला कळणार नव्हतं," सरनोबत सावकाश म्हणाले.

"म्हणून तर सांगते आहे. आणि ती ओळ गुरवांनी माझ्या सांगण्यावरून खोडली. ते लिहून घ्या, माझ्या नावानिशी. पण आधी हजार केंद्रांना कळवा. खंडेनवमीच्या आधीपासून फ्रीजमध्ये असलेली एकही कुपी वापरू नका म्हणावं. पट्टी काहीही म्हणाली तरी."

चार दिवसांत सगळ्या केंद्रांची झडती झाली. आणखी नऊ ठिकाणी मेलेलं औषध 'योग्य' म्हणून उभं होतं. नशिबाने त्या गावांत कुणाला साप चावला नव्हता. भित्तिपत्रकं उतरली. उल्काने पदाचा राजीनामा दिला, पण चौकशी संपेपर्यंत तो कुणी घ्यायला तयार नव्हतं.

पाचव्या दिवशी आंबेघोलात समिती पुन्हा बसली, या वेळी औषधांच्या खोलीतच. फ्रीजला लावलेला झेंडूचा हार वाळून काळा पडला होता, तो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. गुरव होते, डॉ. सरनोबत होते, आणि भिंतीला टेकून रणजित सुतार उभा होता. प्राजक्ताला जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. त्याच्या डोक्यावरचे केस नुकते कुठे उगवायला लागले होते. त्याला बोलावू नये असं सरनोबतांचं मत होतं. त्याने पाहिल्याशिवाय आपण काही करणार नाही, असं उल्काने सांगितलं.

चाळीस रिकाम्या खोक्यांवर चाळीस बाद पट्ट्या लावून ती फ्रीजमध्ये मांडली होती. गुरवांनी प्रत्येकीला चिमटा लावून दाखवला. चाळीस वेळा 'बाद'. मग ट्यूब घालवली. उल्काने निरांजन स्टुलावर ठेवून लावलं आणि डावा हात ज्योतीआड धरला.

"आरती म्हणायची का?" गुरवांनी हळूच विचारलं.

"नको. घड्याळ लावा."

त्या दिवशीच्या आरत्यांएवढी सात मिनिटं ज्योत जळत राहिली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. पट्ट्यांवर पडलेली तिची सावली जरा जरा हलत होती आणि रणजितची नजर त्या सावलीवरून ढळत नव्हती. उल्काच्या हाताला रग लागली, पण तिने हात खाली घेतला नाही.

दार लागलं, ट्यूब लागली. गुरवांनी चिमटा घेतला. 'योग्य. योग्य. योग्य.' मधल्या रांगांशी आल्यावर 'बाद. बाद.' अठ्ठावीस आणि बारा. सरनोबतांनी चष्मा काढून पुसला आणि गुरवांना म्हणाले, "काका, उद्यापासून कामावर या." गुरवांनी मान हलवली, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंदाचा लवलेशही नव्हता.

"मला एक विचारायचं हाय," रणजित म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. उल्काला तो चढलेला हवा होता.

"विचार ना."

"प्राजूला दिलेल्या सा कुप्या कुठल्या?"

उल्काने छापलेलं चित्र त्याच्यासमोर धरलं आणि उजव्या बाजूच्या पांढऱ्या भागावर बोट ठेवलं. "या. इथल्या सहा."

तो सुतार होता; मापं त्याच्या डोळ्यांत होती. त्याने कागद हातात घेतला, काळ्या पंजाच्या कडेपासून त्या सहा खोक्यांपर्यंत वीत टेकवली आणि मग स्टुलाकडे, फ्रीजकडे, तिच्या हाताकडे पाहिलं.

"सावली हितंवर आली असती, तर त्या बाद दिसल्या असत्या. व्हय?"

"हो."

"मग डॉक्टरांनी तिला तसंच कोल्हापूरला न्हेलं असतं."

"हो. तिकडचं औषध चांगलं होतं."

"दोन तासांत पोचलो असतो आमी."

"हो, रणजित."

खोलीत गुरवांच्या हुंदक्याचा आवाज आला. रणजितने तिकडे पाहिलं नाही. तो चित्र निरखत होता, एखाद्या फळीत नक्की कुठे चूक झाली ते शोधावं तसा.

"म्हंजे दुसरा हात लावला असता तरी भागलं असतं," तो म्हणाला. "वारं अडवायला मानूस दोन्ही हात लावतंय, न्हवं का? आमच्या घरात समद्या बाया दोन्ही हात लावत्यात." त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "तुमच्या उजव्या हातात काय हुतं मॅडम?"

स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या त्या गोष्टीकडे इतके दिवस आपण का बघू शकत नव्हतो, ते उल्काला आता कळलं.

"नारळ होता," ती म्हणाली. "माझ्या सत्काराचा."